एका हंगामाचे मानकरी

मृतांच्या स्मरणाच्या महिन्यानिमित्त
वाचने : प्रेषितांची कृत्ये ९:३६-४२, लूक १५:८-१०



नोव्हेंबर महिना आला की आपण आपल्या दफनभूमीकडे वळतो. गवत काढतो, क्रूसांना चुना लावतो, मेणबत्त्या पेटवतो. आई-वडील, आजी-आजोबा, लवकर गेलेला भाऊ, दोन दिवसांचे होऊन गेलेले बाळ, या सर्वांची नावे कागदावर लिहून वेदीजवळ ठेवतो. ही आपल्या ख्रिस्तसभेची फार जुनी आणि फार सुंदर रीत आहे. मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात यहूदाने रणात पडलेल्यांसाठी यरुशलेमला अर्पण पाठवले, कारण त्याचा पुनरुत्थानावर विश्वास होता. तोच विश्वास आपल्याला दफनभूमीत नेतो.

पण आज मला आपल्यासमोर एक निराळेच नाव ठेवायचे आहे. ते कोणा संताचे नाही, धर्मगुरूचे नाही, पुढाऱ्याचे नाही. ते एका दुकानदाराचे नाव आहे. आणि तो विकत काय होता? खेळाडूंची चित्रे!

तुमच्यापैकी जे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत त्यांना आठवत असेल. च्युइंगमच्या पुडीबरोबर क्रिकेटपटूंची चित्रे मिळायची. गम दोन मिनिटांत बेचव व्हायचा, पण चित्र वहीत जपून ठेवले जायचे. त्याआधीची पिढी काडेपेटीचे छाप जमवायची. एकाच छापाचे दोन झाले की शाळेच्या व्हरांड्यात अदलाबदल व्हायची, भांडणेही व्हायची. आपल्याकडे हा खेळ मुले मोठी झाली की संपला. अमेरिकेत मात्र तो व्यवसाय झाला. आपल्याकडे जसा क्रिकेट, तसा त्यांच्याकडे बेसबॉल. त्या खेळाडूंची लहान पुठ्ठ्याची कार्डे आधी सिगारेटच्या पाकिटातून व पुढे गमच्या पुडीतून निघत. पुढच्या बाजूला खेळाडूचे चित्र आणि मागच्या बाजूला त्याच्या खेळाचे आकडे. प्रत्येक कार्डाला क्रमांक. शेकडो कार्डांचा एक संच.

विस्कॉन्सिन राज्यातील स्टीव्हन्स पॉइंट या गावी लॅरी फ्रिच नावाचे गृहस्थ होते. १९७० साली त्यांनी ही कार्डे विकण्याचा व्यवसाय पूर्णवेळ धरला. केवळ याच धंद्यावर पोट भरणारे जे अगदी पहिले दुकानदार म्हणून ओळखले जातात, त्यांत त्यांचे नाव घेतले जाते. २००७ साली ते वारले. त्यांच्या पश्चात त्यांच्या कुटुंबाने दुकान पुढे चालवले.

तुम्ही म्हणाल, "फादर, वाशिमच्या देवळात या माणसाचे काय काम?" जरा धीर धरा.

हा धंदा कसा चालतो ते आधी समजून घ्या. समजा एखाद्या मुलाने चारशे कार्डांच्या संचातील तीनशे सत्त्याण्णव कार्डे जमवली. तीन राहिली. तो काय करतो? त्या तीन क्रमांकांची यादी करतो आणि दुकानदाराला टपालाने पाठवतो. दुकानदार आपल्या खोक्यांतून ती तीन शोधतो आणि पाकिटात घालून परत धाडतो. आता गंमत पाहा. ही राहिलेली कार्डे नेहमीच मोठ्या खेळाडूंची असतात असे नाही. पुष्कळदा ती अशा खेळाडूंची असतात ज्यांचे नाव कोणाच्या तोंडी नाही. धंद्यात अशा कार्डांना 'कॉमन' म्हणतात, म्हणजे साधी, बिनमोलाची. खरी कमाई नामवंतांच्या कार्डांत असते. साधी कार्डे सांभाळायची म्हणजे जागा लागते, वेळ लागतो, क्रमाने लावावी लागतात, आणि हाती चार पैसे येतात. तरीही चांगला दुकानदार ती टाकून देत नाही. का? कारण त्याला ठाऊक असते की, कुठेतरी एका मुलाचा संच नेमक्या याच कार्डासाठी अपुरा राहिला आहे.

आता आजचे शुभवर्तमान पुन्हा आठवा. एका बाईकडे दहा नाणी होती. एक हरवले. तिने दिवा लावला, घर झाडले, आणि ते सापडेपर्यंत ती थांबली नाही. सापडल्यावर तिने शेजारणींना बोलावले. प्रभू येशूने त्या हरवलेल्या नाण्याविषयी काय सांगितले? ते सोन्याचे होते, बाकीच्यांपेक्षा मोठे होते, असे काही सांगितले का? मुळीच नाही. ते इतर नऊ नाण्यांसारखेच एक नाणे होते. पण त्याच्यावाचून दहा पुरी होत नव्हती. परमेश्वराच्या हिशेबात तुम्ही आणि मी असे आहोत. आपल्यापैकी बहुतेक जण 'कॉमन'च! आपले नाव वर्तमानपत्रात येत नाही, आपल्या नावाचा चौक होत नाही. पण आपल्यावाचून त्याचा संच पुरा होत नाही.

लॅरी फ्रिच यांनी आणखी एक गोष्ट केली आणि ती मला फार मोलाची वाटते. १९७७ सालापासून त्यांनी स्वतः कार्डांचे काही संच छापले. त्यांना नाव दिले 'वन-इयर विनर्स', आपल्या भाषेत 'एका हंगामाचे मानकरी'. त्यात कोण होते? जे वरच्या दर्जाच्या बेसबॉलमध्ये फार थोडा काळ खेळले असे खेळाडू. त्यांची कारकीर्द इतकी लहान की, गमच्या कंपन्यांनी त्यांचे कार्ड कधी काढलेच नव्हते. लहानपणापासून घाम गाळला, एकदा मैदानावर पाय ठेवायला मिळाला, आणि लगेच दुसऱ्या कोणाला जागा मोकळी करून द्यावी लागली. अशांची चित्रे या दुकानदाराने मुद्दाम छापली. चित्राखाली त्यांचे नाव आले. मागे त्यांचे तुटपुंजे का होईना, आकडे आले.

हंगाम हा शब्द आपल्या जिल्ह्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. सोयाबीनचा हंगाम, तुरीचा हंगाम, कपाशीचा हंगाम. एक पाऊस दगा देतो आणि वर्ष हातचे जाते. माणसांचेही असेच असते. आपल्या दफनभूमीत असे कितीतरी एका हंगामाचे मानकरी विसावले आहेत. जे बाळ एकही पावसाळा न पाहता गेले ते. लग्नाला वर्ष न होता गेलेली लेक. कामासाठी दूर गेलेला आणि तिथेच संपलेला तरुण. ज्यांच्या घरचे गाव सोडून गेले आणि ज्यांच्या क्रूसावरचे नाव आता पावसाने पुसले गेले, असे वृद्ध. त्यांची 'कार्डे' कोणी छापली नाहीत. पण यशया संदेष्ट्याच्या तोंडून परमेश्वर सांगतो की, एखादी आई आपल्या तान्ह्याला विसरली तरी मी तुला विसरणार नाही, तुझे नाव मी माझ्या तळहातावर कोरले आहे. एका परदेशी दुकानदाराला जर थोडाच काळ खेळलेल्या खेळाडूंची आठवण ठेवावीशी वाटली, तर ज्याने आपल्याला घडवले तो किती अधिक आठवण ठेवील!

माणसाने टाकलेले देव उचलतो याचेही एक उदाहरण याच धंद्यात सापडते. अमेरिकेतील टॉप्स या कंपनीने १९५२ साली ४०७ कार्डांचा एक संच काढला. त्यातील शेवटची कार्डे हंगाम संपता संपता बाजारात आली आणि ती खपली नाहीत. गोदामात वर्षानुवर्षे जागा अडवून बसलेली ती खोकी १९६० साली कंपनीच्या साय बर्जर या अधिकाऱ्याने नावेत भरून अटलांटिक समुद्रात बुडवली. त्याच न खपलेल्या भागातील मिकी मँटल या खेळाडूचे एक कार्ड, जे कोणाच्या तरी हाती सुखरूप राहिले होते, ते ऑगस्ट २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेले. बाजाराला किंमत कळायला कित्येक वर्षे लागली. तेव्हा बाजाराने आज तुमची किंमत कमी केली म्हणून खचू नका, आणि बाजाराने आज ज्याची किंमत कमी केली आहे त्याला तुम्हीही कमी लेखू नका.

बंधू-भगिनींनो, आता थोडे धंद्याविषयी बोलू. कारण दुकानदार लोकांना आवडतो तो केवळ गोड बोलतो म्हणून नव्हे. गोड बोलून गळा कापणारेही असतात. दुकानदाराला माल ठाऊक असतो, गिऱ्हाइकाला नसतो. हीच त्याच्या परीक्षेची जागा आहे. एखाद्या विधवेने नवऱ्याच्या माघारी जुन्या कार्डांचे खोके आणून टेबलावर ठेवले आणि विचारले, "याचे काय देता?" तर त्या क्षणी खोलीत दोघेच असतात आणि खरी किंमत एकालाच ठाऊक असते. तिसरा कोणी पाहणारा नसतो. म्हणजे देवाशिवाय कोणी नसतो! आपल्याकडे हेच कुठे घडते ते तुम्हाला ठाऊक आहे. शेतकरी सोयाबीनची गाडी घेऊन येतो, आणि ओलावा किती, माती किती, घट किती हे दुसराच ठरवतो. आपल्या वाडवडिलांनी दोन शब्दांत सांगून ठेवले आहे : मापात पाप. लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात परमेश्वर खरा तराजू आणि खरी मापे ठेवण्याची आज्ञा देतो, आणि कारण म्हणून स्वतःचेच नाव सांगतो. बेनसिराचा ग्रंथ सांगतो की, दोन दगडांच्या फटीत जशी खुंटी रुतते तसे विकणे आणि घेणे यांच्या मधे पाप रुतून बसते. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा २४०९ वा परिच्छेद दुसऱ्याच्या अज्ञानाचा किंवा अडचणीचा फायदा घेऊन किंमत वाढवणे याला सातव्या आज्ञेचा भंग म्हणतो. म्हणजे ती चोरीच आहे.

पण केवळ दुकानदारालाच बोल लावू नका. गिऱ्हाईकही देवापुढे उभे आहे. नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात एक मार्मिक गोष्ट सांगितली आहे : घेणारा वस्तूला नावे ठेवतो, आणि घेऊन गेल्यावर बाहेर फुशारकी मारतो. १९९० साली अमेरिकेत इलिनॉय राज्यातील एका गावात असेच काहीसे घडले. कार्डांच्या दुकानात एका कार्डावर किमतीचा आकडा लिहिला होता. किंमत होती १२०० डॉलर. त्या वेळी दुकानात नवखी कामगार होती. तिने तो आकडा १२ डॉलर असा वाचला आणि बारा वर्षांच्या एका मुलाला ते कार्ड १२ डॉलरला देऊन टाकले. मालकाने कार्ड परत मागितले, मुलाच्या घरच्यांनी दिले नाही. प्रकरण न्यायालयात गेले. सौदा तो सौदा, असे एक बाजू म्हणे. चूक ती चूक, असे दुसरी म्हणे. सारा देश त्यावर वाद घालू लागला. शेवटी १९९१ साली, निकाल लागण्यापूर्वीच, दोघांनी समेट केला. कार्डाचा लिलाव झाला आणि पैसे दानधर्माला दिले गेले. मला वाटते तो निकाल कोणत्याही न्यायाधीशाच्या निकालापेक्षा चांगला झाला. भाजीवाल्या मावशीने चुकून शंभराऐवजी पाचशेची मोड दिली, तर घरी येऊन आपण हसतो की परत जातो? मुलांसमोर आपण यातले काय करतो, तेच त्यांचे धर्मशिक्षण असते. रविवारचा वर्ग नंतर येतो.

आपल्या महाराष्ट्रातही एक असा दुकानदार होऊन गेला, ज्याची आठवण लोक आजही काढतात. टी. एन. शानभाग यांचे मुंबईतील स्ट्रँड बुक स्टॉल. तरुणपणी एका पुस्तकाच्या दुकानात पुस्तके चाळताना त्यांचा अपमान झाला होता. त्या माणसाने मनात सूड धरला असता तर आपण समजू शकलो असतो. त्यांनी काय केले? १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड चित्रपटगृहात एका कोपऱ्यात अवघ्या ४५० रुपयांच्या भांडवलावर असे दुकान उघडले, जिथे कोणीही येऊन पुस्तक हाती घ्यावे, चाळावे, आणि न घेता गेला तरी त्याला कोणी हटकू नये. वर किमतीत सूट द्यायची. २००३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २००९ साली ते वारले आणि २०१८ साली ते दुकानही बंद झाले. पण ज्या गरीब विद्यार्थ्यांनी तिथे उभ्याने पुस्तके वाचली त्यांच्या मनातले दुकान कोण बंद करणार? झालेल्या अपमानाचे सेवेत रूपांतर करणे, याला आपण ख्रिस्ती माणसे क्रूसाचा मार्ग म्हणतो. तो मार्ग कोणत्याही धर्माच्या भल्या माणसाच्या पायाखाली सापडू शकतो.

आता पहिल्या वाचनाकडे या. यापो गावात टबीथा मरण पावली. पेत्र माडीवर गेला तेव्हा तिथे काय चालले होते? विधवा रडत उभ्या होत्या आणि टबीथाने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्याला दाखवत होत्या. कोणी भाषण केले नाही. "ही माझ्यासाठी शिवली", "ही माझ्यासाठी", एवढेच. चांगल्या माणसाचे मृत्युलेख असेच लिहिले जातात. कार्डवाला गेला की म्हातारे झालेले 'मुलगे' आपापली वही उघडून म्हणतात, "हे राहिलेले कार्ड त्याने मला शोधून दिले." आपण गेल्यावर लोक काय हातात धरून दाखवतील, याचा विचार आपण केला आहे का?

आपल्या घरोघरी प्रार्थनापुस्तकात जपलेली पवित्र चित्रे असतात. प्रथम ख्रिस्तशरीर संस्काराचे, जुबिलीचे, आणि कोणी वारल्यावर महिन्याच्या मिस्साला वाटलेले स्मरणचित्र. त्यावर एका बाजूला छायाचित्र असते, दुसऱ्या बाजूला दोन तारखा आणि एक प्रार्थना. खेळाडूच्या कार्डामागे त्याच्या खेळाचे आकडे असतात. आपल्या स्मरणचित्रामागे आकडे कोणीच छापत नाही. किती एकर जमीन, किती पगार, किती तोळे सोने, काही नाही. तिथे फक्त प्रार्थना असते. कारण त्या घडीला माणसाला तेवढीच हवी असते. चांगल्यातल्या चांगल्या दुकानदारालाही ती हवी असते. आपण मृतांची स्तुती करतो आणि थांबतो, हे पुरेसे नाही. मेलेला माणूस भला होता म्हणून आपण त्याला परस्पर स्वर्गात पोहोचवून मोकळे होतो. ख्रिस्तसभा आपल्याला अधिक प्रेमाने वागायला शिकवते : त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करा, जपमाळ म्हणा, दानधर्म करा. शुद्धिस्थानातील आत्मे स्वतःसाठी काही करू शकत नाहीत. त्यांच्या यादीतले राहिलेले क्रमांक आपल्या हातात आहेत.

म्हणून या महिन्यासाठी तीन गोष्टी सांगतो.

पहिली. मृतांच्या नावांच्या पाकिटात आपल्या घरच्यांबरोबर एक नाव असे लिहा, ज्याच्यासाठी मागे प्रार्थना करणारे कोणी उरलेले नाही. नाव ठाऊक नसेल तर "दफनभूमीच्या कुंपणाजवळचा" असे लिहा. परमेश्वराला पत्ता समजतो. १ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत दफनभूमीला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्यांना, पापनिवेदन, ख्रिस्तशरीर स्वीकार आणि पोप महोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना या नेहमीच्या अटींवर, मृतांच्या नावे पूर्ण दंडमुक्ती मिळते. ही संधी सोडू नका.

दुसरी, आणि ही जरा बोचेल. गावोगावच्या किराणा दुकानांत उधारीची वही असते. दुकानदार अचानक जातो, आणि वहीतले अर्धे हिशेब त्याच्या डोक्यात असतात. त्याच्या बायकोला कोणाकडे किती येणे आहे ते कळत नाही. त्या वेळी ज्याच्याकडे बाकी आहे तो गप्प बसतो. अंत्ययात्रेला येतो, हार घालतो, "देवमाणूस होता" म्हणतो, आणि गप्प बसतो! असे कोणाचे देणे तुमच्याकडे राहिले असेल तर या महिन्यात जाऊन द्या. तिला ठाऊक नाही म्हणूनच द्या. जक्कयाने चौपट परत करण्याचे वचन दिले तेव्हा त्याच्या घरी तारण आले. आपल्याला निदान मुद्दल तरी परत करता येईल.

तिसरी. आठवडी बाजारात, रस्त्याच्या कडेला, शाळेच्या फाटकाशी जे वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे तुम्हाला काही विकत आले आहेत, त्यांच्यापैकी एकाला या आठवड्यात थांबून सांगा, "काका, तुमच्यामुळे आमचे बरे झाले." मेल्यावर फुले वाहण्यापेक्षा जिवंतपणी हे ऐकवलेले बरे. फुलांना वास असतो, पण तो मृताला येत नाही.

आपण प्रार्थना करू या. हे प्रभो, तू नासरेथच्या सुतारकामाच्या घरात वाढलास. घेणे-देणे, मोजमाप, गिऱ्हाईक यांची तुला ओळख आहे. ज्या लहान दुकानदारांनी खऱ्या मापाने विकले आणि आमच्या बालपणात आनंद घातला, त्यांना तुझ्या घरात जागा दे. जे एकच हंगाम जगले आणि ज्यांना आम्ही विसरलो, त्यांना तू विसरू नकोस. आमचा तराजू खरा ठेव, आमचे देणे फेडण्याची आम्हाला बुद्धी दे, आणि तू आपली माणसे मोजशील तेव्हा तुझ्या दयेने आम्हीही त्यांत सापडू दे. आमेन.